काळ्या तिळांची चिनी पेज

पांढरे तीळ भाजताना आधी पिवळट होतात, मग तांबूस, मग काळे. आणि काळे झाले की करपले, हे कुणालाही कळतं. काळे तीळ सुरुवातच शेवटापासून करतात. कच्चे असताना काळे, भाजल्यावर काळे आणि कोळसा झाल्यावरही काळेच. अशा पदार्थावर माणसाने विश्वास ठेवू नये. पण त्या शुक्रवारी मला हे माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं.

कारण त्याच आठवड्यात मी वर्गप्रतिनिधी म्हणून निवडून आले होते. माझ्याविरुद्ध उभा राहिलेला मुलगा कोरोनामुळे घरी अडकला होता, त्याचं भाषण लॅपटॉपवरून झालं आणि त्यातलं निम्मं वाटेतच राहिलं, म्हणून मी निवडून आले, असं काही नतद्रष्ट लोक म्हणतात. म्हणोत. निवडून येणं ते निवडून येणं. इतके दिवस मी शाळेत ‘ती लांब वेणीवाली’ होते. आता मला नाव होतं, आणि ज्याला नाव असतं त्याला जगातलं काहीही करता येतं अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती.

अशा फुगलेल्या अवस्थेत यूटिंगचा मेसेज आला. यूटिंग माझी मैत्रीण, इथे नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावात आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिलाही कोरोना झाला होता. तिच्या आईने तिला माळ्यावरच्या खोलीत ठेवलं होतं आणि जेवण जिन्याच्या पायरीवर ठेवून ती पळ काढायची. यूटिंगची चव गेली होती. ब्रेड पुठ्ठ्यासारखा लागतो आणि सूप ओल्या पुठ्ठ्यासारखं, असं तिने लिहिलं. एकच गोष्ट खावीशी वाटते, काळ्या तिळांची गरम गोड पेज, तिची मोठी मावशी चीनमध्ये करायची तशी. तिच्या आईकडे त्याची तयार पाकिटं होती, वर गरम पाणी ओतायचं की झालं, पण यूटिंगला ती नको होती. मी लगेच उत्तर पाठवलं, ‘मी करते.’ दोन शब्द. युद्धं सुरू करायलाही लोक याहून जास्त शब्द घेतात.

व्हिडिओ आठ मिनिटांचा होता. तीळ भाजा, तांदळाच्या पिठाबरोबर वाटा, पाण्यात शिजवा, साखर घाला. बाई सगळं हसत हसत करत होती आणि तिच्या ओट्यावर एक डाग नव्हता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

काळे तीळ आमच्याकडे होते. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, तांब्याचं ताम्हन, दर्भ आणि गोपीचंदन यांच्या शेजारी, न फोडलेलं पाकीट. ते तिथे का होतं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी रडकथा त्या पाकिटाची आहे.

आप्पा, म्हणजे माझे आजोबा, गेल्या हिवाळ्यात मिरजेला वारले. बाबांना जाता आलं नाही. त्यांनी सगळं फोनवर पाहिलं, म्हणजे मिरजेत कुणीतरी फोन धरला होता आणि बाबांना बराच वेळ कुणाचा तरी खांदा दिसत होता. या वर्षी वर्षश्राद्धाला जायचंच म्हणून त्यांनी तिकीट काढलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी विषाणूचा नवा अवतार आला. मग ही चाचणी, तो फॉर्म, विमानतळावर थांबा, उतरल्यावर घरात कोंडून घ्या. कोंडून घ्यायच्या दिवसांतच तिथी येत होती. बाबांनी तिकीट रद्द केलं. चंद्रहासकाका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, तिकडे श्राद्ध करणार होते. आप्पांचं दुखणं, दवाखाना, सगळं काकांनीच काढलं आणि बोलताना ते हे स्वल्पविरामासारखं मधेमधे घालतात. बाबा कधी उलटून बोलले नाहीत. त्यांनी एवढंच ठरवलं, की मंगळवारी पहाटे स्क्रीनसमोर बसून गुरुजी सांगतील तसं आपणही करायचं. आईला ते म्हणाले, “गेल्या वेळी मी नुसता बघत बसलो. या वेळी तिलांजली माझ्या हाताने देणार.” द हेगला कामासाठी गेले असताना त्यांनी ते पाकीट स्वतः शोधून आणलं होतं.

श्राद्ध मंगळवारी आहे हे मला ठाऊक होतं. पण त्याला काळेच तीळ लागतात, आणि म्हणून ते खायच्या डब्यांत न ठेवता वेगळे ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सहा वर्षांची असताना इथे आले. माझ्या लेखी तीळ म्हणजे तीळ, आणि वरची फळी म्हणजे जिथे खाली जागा नसली की वस्तू जातात ती फळी.

तरीही मी विचारलं, हे नमूद करते. आई रॉटरडॅम बंदरातल्या कंटेनरांची कागदपत्रं सांभाळते, जेवणाच्या टेबलावर बसून. त्या दुपारी एक कंटेनर कुठेतरी हरवला होता आणि कानाला हेडफोन लावून आई चार देशांतल्या माणसांना एकाच वेळी झापत होती. मी तिच्यासमोर उभी राहून तीळ घेऊ का म्हणून विचारलं. तिने मान हलवली. तिच्या डोक्यात डब्यातले पांढरे तीळ होते. माझ्या हातात स्टूल होतं.

पहिलं अर्धं पाकीट करपलं. मी रंग बदलायची वाट बघत होते. वास यायला लागला तेव्हा वाटलं हाच तो खमंग वास. मग धुराचा अलार्म वाजला, मी टॉवेलने त्याला वारा घातला, आणि तीळ अंगणातल्या हिरव्या कचरापेटीत गेले. उरलेलं पाकीट मी मंद आचेवर, अत्यंत जबाबदारीने भाजलं. तेही थोडं लागलं असावं, पण सांगितलं ना, कळत नाही. मिक्सरचं झाकण नीट बसलं नव्हतं. यावर फार बोलत नाही. आमची स्वयंपाकघराची भिंत पांढरी होती, एवढं सांगते. चिकट तांदळाचं पीठ नव्हतं म्हणून मी मोदकांची पिठी घातली, आणि ती जरा जास्त पडली म्हणून पाणी घातलं, पाणी जास्त झालं म्हणून पुन्हा पिठी. असं करता करता मोठं पातेलं भरलं. त्यात जे तयार झालं ते चमच्याला धरून वर उचललं की पातेलंही थोडं वर यायचं.

मी एक डबा भरून सायकलवरून यूटिंगच्या दारात ठेवला, बेल वाजवली आणि फाटकाबाहेर उभी राहिले. माळ्याच्या खिडकीतून तिने हात हलवला. थोड्या वेळाने मेसेज आला, ‘कडू लागतंय.’ मी माफी मागणार एवढ्यात दुसरा आला, ‘म्हणजे मला चव आली.’ तिसरा, ‘भयंकर कडू आहे. थँक यू.’ ते मेसेज पोचपावती म्हणून मी जपून ठेवले आहेत. एखाद्याला बरं केल्याबद्दल इतकं अपमानास्पद कौतुक क्वचितच कुणाचं झालं असेल.

घरी आले तर आई स्टुलावर उभी होती. हेडफोन मानेत लोंबत होते आणि हात वरच्या फळीवर. हरवलेला कंटेनर सापडला होता. ती म्हणाली, “इथलं पाकीट?” मी पातेल्याकडे बोट केलं. तिने आधी पातेल्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे, आणि स्टुलावरच बसली. काळ्या तिळांचं गोड कुणी करतं का, हा तिचा पहिला प्रश्न होता. एक सबंध देश करतो, असं मी म्हणाले, आणि लगेच कळलं की वर्गप्रतिनिधीपणा घरात चालत नाही.

मग तिने मला सगळं सांगितलं. काळे तीळ कशाला लागतात, का लागतात, बाबांनी ते पाकीट आणून वर ठेवताना हात कसे जोडले होते. बाबा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. आई म्हणाली, त्यांना कळायच्या आत पाकीट जागेवर यायला हवं. चार दिवस होते, आणि नेदरलँड्ससारख्या देशात, जिथे घरबसल्या हत्तीसुद्धा मागवता येईल, मूठभर तीळ न मिळायला काय झालं? हे वाक्य माझं. आई एवढं बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हती. ती अंगणात जाऊन हिरव्या कचरापेटीत वाकून बघत होती.

शनिवारी गावातल्या आशियाई दुकानाच्या दारावर चिठ्ठी होती, मालक पॉझिटिव्ह, दुकान बंद. त्याच संध्याकाळी सरकारने पुन्हा लॉकडाउन जाहीर केला. खाण्यापिण्याची दुकानं उघडी राहणार होती, पण लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलंच नाही आणि जो तो सुपरमार्केटकडे धावला. आम्हीही धावलो. तिथे तीळ होते. पांढरे. आईने ऑनलाइन ऑर्डर टाकली, सोमवारी घरपोच.

सोमवारचा भरवसा नको म्हणून तिने आमच्या मराठी ग्रुपवर विचारलं, आणि रविवार त्यात गेला. ग्रुपवर एक गोष्ट मागितली की ती सोडून सगळं मिळतं. एकाने पांढरे तीळ खायच्या रंगात बुडवून हेअर ड्रायरने वाळवायला सांगितलं. कुणी म्हणालं, बेकरीतल्या बनवरचे खरवडून काढा. एका काकांनी काळ्या तिळाच्या शास्त्रीय महत्त्वावर मोठा लेख पाठवला, ज्यात ते कुठे मिळतात याचा उल्लेख नव्हता. कुणी विचारलं की आधीच आणून ठेवायला काय झालं होतं, आणि त्याला अकरा जणांनी पसंतीचा अंगठा दिला. भाजलेले चालतील का, असं आईने भीत भीत विचारलं, तर जयंतीमावशींनी फोनच केला. या मावशी रॉटरडॅमला असतात आणि आईला इथे आल्यापासून सल्ले देतात. भाजलेले अजिबात नाही, त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून पुढे सांगितलं, की तुर्की दुकानातून लोणच्यातली ती काळी कलौंजी आण. कॅमेऱ्यात काळं दिसलं की झालं. आमच्याकडे एकांनी मोहरीवर भागवलं, गुरुजींनी आशीर्वादसुद्धा दिला.

आईने फोन ठेवला. बाबा फसवायला अवघड माणूस आहेत अशातला भाग नाही. त्यांना कुणीही फसवतं, सायकल दुरुस्तीवालाही. अडचण दुसरी होती. बाबा बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतात. दिवसभर भिंगाखाली बिया बघणं हा त्यांचा धंदा आहे.

“पण श्राद्धाला ते भिंग घेऊन बसणार नाहीत,” मी म्हणाले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंत पुसायला गेले.

सोमवारी आम्ही दोघी भाजी आणायच्या नावाखाली तुर्की दुकानात गेलो आणि कलौंजी आणली, केवळ खबरदारी म्हणून. तीळ येणारच होते. आणि ते आले. आम्ही बाहेर असताना आले. बाबा वर हेडफोन लावून बसले होते, त्यांना बेल ऐकू गेली नाही, म्हणून पार्सलवाल्याने इथल्या रिवाजाप्रमाणे पार्सल शेजाऱ्याला दिलं. शेजारी म्हणजे मेनेर, म्हणजे श्रीयुत, हूखेनबोम.

हे निवृत्त गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत. पहिल्या लाटेत त्यांनी नियम केला, की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू तीन दिवस बागेतल्या शेडमध्ये कुलूपबंद राहील. त्यानंतर शास्त्रज्ञांचं मत बदललं, सरकारचं तीनदा बदललं, हूखेनबोम यांचं बदललं नाही. त्यांनी वरच्या मजल्याची खिडकी उघडून आम्हाला सांगितलं, की पार्सल सुखरूप आहे, गुरुवारी मिळेल, आणि हे तुमच्याच काळजीपोटी. आईने विनवलं. त्यांनी विचारलं, नाशवंत आहे का? नाही. औषध आहे का? नाही. मग कुणाला एवढी घाई आहे? आई म्हणाली, माझ्या सासऱ्यांना. ते कुठे असतात, तर ते गेल्या वर्षी वारले. आईच्या डचमध्ये ‘वारले’ आहे, पण ‘वारले तरी त्यांना उद्या हवेत’ हे नाही.

हूखेनबोम यांनी खरोखर वाईट वाटून मान हलवली. मग थोडा विचार करून म्हणाले, “तर मग गुरुवारी दिलं तर त्यांना चालेल ना?”

आणि खिडकी हळूच लावून घेतली. शेड आमच्या कुंपणापासून हाताच्या अंतरावर होती. मी कुंपणावरून जायची तयारी दाखवली, तेव्हा आई म्हणाली, सासऱ्यांच्या श्राद्धाला चोरीचे तीळ नकोत. मी म्हणाले, आपलेच आहेत. ती म्हणाली, तेच तर, आपलेच तीळ चोरून कसे आणायचे.

मंगळवारी पहाटे, बाहेर अजून मिट्ट काळोख, बाबा आंघोळ करून सोवळं नेसले. आत थर्मल घालायला आईने लावलं. लॅपटॉप दोन कुकरांवर ठेवला होता. स्क्रीनवर मिरजेतलं घर, लखलखीत ऊन, गुरुजी आणि चंद्रहासकाका. बाबांच्या पुढ्यात ताम्हन, पळी-पंचपात्र, आणि एका वाटीत काळं काहीतरी. वाटी आईने ठेवली होती. माझ्याकडे पाणी घालायचं काम होतं, म्हणून मी बाबांच्या शेजारी, कॅमेऱ्यात न येता बसले.

सगळं छान चाललं होतं. बाबांचा आवाज मोकळा लागला होता. गेलं वर्षभर हा आवाज कुठे होता असं मला वाटलं. मग गुरुजी म्हणाले, हातात तीळ घ्या, पाणी घ्या, वडिलांचं नाव आणि गोत्र म्हणा. बाबांनी वाटीतली चिमूट तळहातावर घेतली. मी पळीने पाणी घातलं.

कोरडी असती तर कदाचित निभावलं असतं. पाणी पडलं आणि वास आला. बाबांनी हात चेहऱ्याजवळ नेला. भिंग लागलं नाही, चष्माही लागला नाही. अंगठ्याने त्यांनी एक दाणा फिरवला. मग आईकडे पाहिलं. आई डोळ्यांनी सांगत होती, सोडा, पुढे चला, कुणाला दिसत नाहीये. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला जे तोंड करायचं नव्हतं तेच माझं झालं.

“अभिजित, आवाज येत नाहीये,” काका म्हणाले. “म्यूटवर आहेस बघ.”

बाबा म्यूटवर नव्हते.

“माझ्याकडे तीळ नाहीत,” ते म्हणाले.

काका म्हणाले, “अख्खं वर्ष होतं की रे तुझ्याकडे.”

बाबा म्हणाले, “हो. राहिलं आणायचं.”

त्यांनी इतकंच सांगितलं. पोरीने संपवले म्हणाले नाहीत, बायकोने कलौंजी ठेवली म्हणाले नाहीत. राहिलं आणायचं. गुरुजींनी काहीतरी तोडगा सांगायला तोंड उघडलं होतं, पण काकांनी त्यांना हाताने थांबवलं. ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

“असू दे,” काका म्हणाले. “इथे मी करतोच आहे सगळं. तू नुसता बघ.”

बाबांनी हात ताम्हनात उलटा केला, धुतला, पुसला, आणि मांडीवर ठेवला. मग शेवटपर्यंत ते बघत बसले. काकांनी तीळ सोडले ते बघितलं, पिंडांवर फूल ठेवलं ते बघितलं. मधे एकदा चित्र अडकलं आणि काकांचा हात हवेत तसाच राहिला, तर तेही ते बघत राहिले. संपल्यावर त्यांनी स्क्रीनला वाकून नमस्कार केला. आई काही सांगायला लागली, तेव्हा ते म्हणाले, नऊ वाजता मीटिंग आहे.

मी बचावाचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यात मुद्दे होते. मी विचारलं होतं, हा एक. यूटिंगची चव आली, हा दुसरा. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी कुणी मुलांना सांगत नाही आणि मग मुलांना माहीत नाही म्हणून कपाळाला हात लावतात, हा तिसरा आणि माझ्या मते बिनतोड. पण भाषणाला समोरून कुणीतरी रागवावं लागतं. मला दिवसभर कुणी रागावलं नाही. दुपारी आईने बाबांना सगळं सांगितलं, मग वरण-भात केला, आम्ही जेवलो, बाबांनी शाळेच्या सुट्टीबद्दल विचारलं.

संध्याकाळी पाणी प्यायला गेले तर बाबा फ्रिजचं दार उघडं टाकून उभे होते. शुक्रवारी आईने मागे दडवलेलं ते पातेलं त्यांनी बाहेर काढलं होतं. पेज घट्ट होऊन तिची काळी वडी झाली होती.

“हेच ना ते?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यांनी चमच्याने एक तुकडा कापला आणि तोंडात टाकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी तो नीट चावून खाल्ला, जसं कुणी विचारणार आहे चव कशी होती म्हणून. मग दुसरा कापला.

“बाबा, करपलंय ते. कडू आहे. नका खाऊ.”

“कळतंय,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून पातेलं पुढ्यात घेऊन बसले. “आप्पांचे तीळ आहेत. टाकायचे कसे?”

मी साखरेचा डबा काढला आणि विचारलं, वर थोडी साखर घालू का.

“नको,” बाबा म्हणाले.